वाकळ, यंत्र आणि आमची चूक

घरात एखादी वस्तू यावयाची झाली म्हणजे तिची निवड कोणी करावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु एकत्र कुटुंबातील निम्म्याहून अधिक रुसवेफुगवे ह्याच प्रश्नाच्या पोटी जन्मास येतात, असा आमचा चाळीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे. गेल्या महिन्यात ह्या सदरात आम्ही धान्याच्या साठवणीविषयी चार शब्द लिहिले. त्यावर आलेल्या पत्रांत काही भगिनींनी एक निराळीच पृच्छा केली आहे. घरच्या घरी मोठ्या गोधड्या, रजया शिवावयाच्या असतील तर यंत्र कोणते घ्यावे, असे त्या विचारतात. प्रश्न शिवणकामाचा, आणि तो विचारला आहे एका निवृत्त संस्कृत-मास्तरास! तथापि उत्तर देण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे. तो अभ्यासाने मिळालेला नसून चुकीने मिळालेला आहे, एवढे आरंभीच कबूल करून टाकतो.

आमचा पोंभुर्णा गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील धानाच्या पट्ट्यात वसलेला आहे. सभोवार बांध्या आणि त्यांच्या पलीकडे सागाबांबूचे रान. चांद्याच्या उन्हाळ्याची कीर्ती साऱ्या देशात आहे. पण मार्गशीर्ष-पौषात रानावरून येणारा पहाटेचा वारा किती बोचरा असतो, हे येथे राहिल्यावाचून कळावयाचे नाही. आमच्या घरात लहानमोठी अकरा माणसे. ह्या घरात गेली पन्नास वर्षे जो तो आमच्या वहिनींच्या हातच्या वाकळीखाली झोपत आला. ज्येष्ठ बंधूंच्या मागेही त्यांनी हे व्रत सोडले नाही. दुपारची भांडी विसळून झाली, की वहिनी पडवीत चटई अंथरून बसावयाच्या आणि सूर्य कौलांआड जाईपर्यंत धावदोरा घालीत राहावयाच्या. एका वाकळीस दोन-अडीच महिने लागत. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असे एखादे माणूस असेल, अथवा होते.

येथे शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून सांगतो. आमच्याकडे वाकळ म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून शिवलेले पांघरूण. गोधडीही तीच. रजई अथवा दुलई म्हणजे दोन कापडांच्या मध्ये पिंजलेला कापूस भरून शिवलेली. संस्कृतात वाकळीला 'कंथा' म्हणतात. भर्तृहरीने नीतिशतकात कार्यार्थी पुरुषाचे वर्णन करताना, तो कधी कंथा पांघरतो तर कधी दिव्य वस्त्र नेसतो, अशा अर्थाचे म्हटले आहे. बंगालात हाच शब्द 'कांथा' होऊन राहिला, आणि तेथील स्त्रियांनी जुन्या साड्यांच्या थरांवर भरलेली चित्रे आज संग्रहालयांत मानाने टांगलेली असतात. उत्तर कानडा जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' शिवतात. ती कडेपासून आरंभून फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जाते. आणि आमच्या वऱ्हाडचे गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या वागवीत म्हणून लोक त्यांना 'गोधडेबाबा' म्हणत, हे तर सर्वश्रुतच आहे. तात्पर्य, फाटके फेकून न देता त्याला पुन्हा ऊब आणावी, ही ह्या देशाची जुनी विद्या आहे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. तीन वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री निवर्तल्या. त्यांच्या ट्रंकेत बारा नऊवारी लुगडी निघाली. धुतलेली, घडी घातलेली, मध्ये कडुनिंबाचा वाळला पाला. शेवटच्या आजारात त्यांनी वहिनींना सांगून ठेवले होते, "माझ्या चारी पणतवंडांना एकेक वाकळ कर." हिशेबही त्यांनीच केलेला असावा, कारण तो तंतोतंत जुळतो. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याचे चार सारखे तुकडे केले म्हणजे प्रत्येक ८१ इंचांचा होतो. पन्हा ४५ इंच धरला, तर दोन तुकडे कडेला कड जोडून ८१ बाय ९० इंचांचा एक थर तयार होतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर, तीन लुगड्यांत सहा थर, आणि सहा थरांची एक वाकळ. बारा लुगडी, चार वाकळी. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही, तिच्या ह्या भूमितीपुढे आम्ही मास्तर असूनही मान लववितो.

परंतु तोवर वहिनींची बोटे संधिवाताने वाकली होती. डॉक्टरांनी सुई धरण्यास मनाई केली. तेव्हा धाकटी सून म्हणाली, "मामंजी, एखादे बरेसे मशीन असेल तर मी शिवीन. वहिनीआजी सांगतील तसे शिवीन." तिला शिवणकाम येते. ह्याच शिवणातून पुढेमागे चार पैसे मिळावेत, अशीही तिची मनीषा होती. ती तिने आमच्या सौभाग्यवतींपाशी बोलून दाखविली होती, आम्हांपाशी नव्हे. आम्हांस उत्साह चढला. दुसऱ्याच दिवशी आम्ही चंद्रपुरास गेलो, आणि शिवणाऱ्या व शिकविणाऱ्या अशा दोघींपैकी एकीलाही बरोबर न नेता एक यंत्र घेऊन सायंकाळच्या गाडीने परतलो.

यंत्र दिसावयास फार सुरेख होते. पांढरेशुभ्र, विजेवर चालणारे, दोन हातांत सहज उचलता येईल असे. दुकानदाराने रुमालाएवढ्या दुपदरी कापडावर वेलबुट्टीचे वीसबावीस प्रकार आमच्या देखत काढून दाखविले. एक चकती फिरवावी की पाने, दुसरी फिरवावी की फुले! आम्ही आयुष्यभर मुलांना 'अलंकार हा काव्याचा आत्मा नव्हे' असे शिकवीत आलो. पण दुकानात तो धडा आमचा आम्हांसच आठवला नाही.

मातोश्रींची पहिली तीन लुगडी त्या यंत्राखाली गेली. पहिली हातभर शीव बरी पडली. मग वाकळीचे वजन मेजाच्या कडेवरून खाली ओढू लागले. टाके कोठे बारीक, कोठे लांब पडू लागले, आणि हलके यंत्रच मेजावरून सरकू लागले. वरचा थर पुढे लोटला जाई आणि खालचा मागे राही की खालचा पुढे जाई आणि वरचा मागे, हे आम्हांस त्या वेळी कळले नाही. दिसत होत्या त्या फक्त सुरकुत्या. मध्यभागी पोचेतो गुंडाळी यंत्राच्या पोटात अडकली. दोन सुया मोडल्या. धाकटीने रडकुंडीस येऊन शीव उसवावयास घेतली. परंतु पन्नास वर्षांचे विरलेले सूत! जेथे जेथे जाड सुईने भोक पाडले होते, तेथे तेथे दोरा ओढताच कापड टरकत गेले. वहिनी आतून आल्या, त्यांनी तिचा हात धरला, आणि आम्हांकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊजी, जुन्या कापडाला ओढ सोसत नाही. मला एका शब्दाने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

वाचकहो, ह्या वाक्यास आम्हांपाशी उत्तर नव्हते, आजही नाही. बारांपैकी तीन लुगडी आम्ही आमच्या अविचाराने घालविली होती, आणि ती बाजारात विकत मिळणारी वस्तू नव्हती.

त्यानंतर मात्र आम्ही विद्यार्थी झालो. मूल आणि चंद्रपूर येथील शिंप्यांच्या दुकानी बसलो, यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांस विचारले, आणि अमेरिकेत असलेल्या एका माजी विद्यार्थ्याच्या पत्नीकडूनही माहिती मागविली. कारण त्या देशात गोधडी शिवणे हा गृहिणींचा मोठा छंद आहे. त्यातून जे हाती आले ते येथे क्रमाने देतो.

पहिली गोष्ट जागेची. शिवणयंत्राची सुई आणि तिच्या उजवीकडील उभा खांब ह्यांच्या मध्ये जी मोकळी जागा असते, तीच मोठ्या गोधडीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची. घरगुती यंत्रात ही जागा साधारणतः सहा-सात इंच असते. पोलके अथवा परकर शिवताना तिचा विचारही मनात येत नाही. पण ९० इंच रुंदीच्या पांघरुणाच्या मधोमध शीव घालावयाची झाली, तर त्यातील ४५ इंच गुंडाळून त्या सहा इंचांतून सारावे लागतात. रजई अर्धा इंच जाड धरा. पंचेचाळीस इंचांची तिची गुंडाळी, कितीही घट्ट केली तरी, सव्वापाच इंचांहून थोड्या अधिक व्यासाची होते. वर्गात फळ्यावर करावे असे हे सोपे गणित आहे. सहा इंचांच्या बोळातून सव्वापाच इंचांचा लोढणा घेऊन जाणे म्हणजे दिंडीदरवाजातून हत्ती काढणे होय. वाकळ रजईहून पातळ, म्हणून तिची गुंडाळी निम्म्याच जाडीची होते. तरी तिच्या ताठपणाने आणि वजनाने ती नडतेच.

दुसरी गोष्ट थरांची. यंत्राच्या पाट्याखाली दात्यांच्या पट्ट्या असतात. त्या कापड पुढे नेतात. पण त्यांचा स्पर्श सर्वांत खालच्या थरालाच होतो. वरून जो दाबपाय कापड धरून ठेवतो, ज्याला शिंपी 'फूट' म्हणतात, तो गुळगुळीत असून वरच्या थराला अडवितो. म्हणून खालचा थर चालतो आणि वरचा रेंगाळतो. दोन पदरांत हा फरक नजरेस येत नाही, सहा थरांत त्याच्या सुरकुत्या होतात. ह्यावर उपाय तीन. वरच्या दाबाचा स्क्रू सैल करावा, हा पहिला. 'वॉकिंग फूट' नावाचा, स्वतःचे दाते असलेला फूट मिळतो. तो वरचा थरही खालच्याबरोबर पावले टाकीत नेतो, तो बसवावा, हा दुसरा. आणि तिसरा उपाय आमच्या वहिनींचा, तो सर्वांत मोलाचा: यंत्रावर बसण्यापूर्वी साऱ्या थरांना चार-चार बोटांवर लांब लांब कच्चे टाके घालून ते एकजीव करून घ्यावेत, आणि पक्की शीव मध्यापासून कडेकडे न्यावी. कच्च्या टाक्यांचा कंटाळा केला तर जगातील कोणतेही यंत्र वाकळ सरळ शिवणार नाही.

तिसरी गोष्ट आधाराची. सहा थरांची आमची वाकळ अडीच ते तीन किलो भरते. ती मेजाबाहेर लोंबत राहिली तर तिची ओढ सुईवर येते. सुई वाकते, पाट्यावर आपटते आणि मोडते. म्हणून यंत्राचा पाटा आणि मेजाचा पृष्ठभाग एका पातळीत असला पाहिजे, आणि डावीकडे व पलीकडे पांघरूण पसरावयास भरपूर फळी असली पाहिजे. यंत्राची किंमत विचारणारे पुष्कळ. मेजाची लांबीरुंदी विचारणारा एखादाच.

आता यंत्रांचे प्रकार पाहू. पुष्कळ घरांत आजी-पणजीच्या वेळचे काळे, ओतीव लोखंडाचे, पायाने चालविण्याचे यंत्र असते. परदेशी सिंगरची यंत्रे येथे फार पूर्वीपासून येत, आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कलकत्त्यास 'उषा' हे देशी यंत्र निघू लागले. असले यंत्र घरी असेल तर ते भंगारात घालू नये. ते सरळ टीप फार उत्तम मारते, वीज गेली तरी अडत नाही, मेजात बुडवून बसविलेले असते, आणि पायाने चालत असल्यामुळे दोन्ही हात कापडास मोकळे राहतात. त्याची उणीव एकच, ती जागेची. पाळण्यातल्या मुलाची दुपटी आणि एकेरी बिछान्याची पातळ वाकळ त्यावर सुखाने होईल. हाताने फिरवावयाचे यंत्र मात्र ह्या कामास घेऊ नये, कारण एक हात चाकातच गुंततो.

दुसरा प्रकार आम्ही आणलेल्या पांढऱ्या हलक्या यंत्राचा. ते वाईट नव्हे; ज्या कामासाठी ते घडविले, त्यात ते चोख आहे. बटणाचे काज, पडद्याची कड, मुलांचे कपडे ह्यांस ते सोयीचे. पण गोधडीस वेलबुट्टीच्या वीस प्रकारांपैकी एकच लागतो, आणि तो म्हणजे सरळ टीप. उरलेल्या एकोणीसांचे पैसे आपण उगीच मोजतो.

तिसरा प्रकार शिवणाच्या कारखान्यांत आणि मोठ्या शिंप्यांकडे असलेल्या सरळ टिपेच्या भारी यंत्राचा. त्यात सुई आणि खांब ह्यांमधील जागा दहा-अकरा इंच असते. यंत्र चार फूट लांबीच्या मेजात पक्के बसविलेले असते. ते सरकत नाही आणि थरथरत नाही. ह्याचा दोष वेगाचा. मिनिटास चार-पाच हजार टाके घालण्याची त्याची शक्ती नवशिक्याच्या हाताबाहेर जाते. जुन्या क्लच मोटरीवर तर पाय ठेवताच यंत्र उधळते. परंतु आता 'सर्वो' नावाची मोटर मिळते. ती पाय दाबल्यावरच फिरते, तिच्या वेगाला हवी तेवढी मर्यादा घालून ठेवता येते, आणि विजेची बचतही होते. ह्या यंत्राच्या सुईचा दांडा गोल असतो, घरगुती सुईचा एका बाजूने चपटा असतो; एकीची सुई दुसऱ्यास चालत नाही. त्यास तेल वेळच्या वेळी घालावे लागते आणि ते एकदा मांडले की जागचे हलत नाही. ज्या घरात वर्षाकाठी पाचदहा मोठी पांघरुणे व्हावयाची आहेत, त्या घरास आमच्या मते हेच यंत्र योग्य. दुरुस्त करून दिलेले जुने मिळाले तरी चालेल. मात्र ते स्वतः चालवून पाहावे.

चौथा प्रकार लांब हाताच्या यंत्राचा, ज्यास 'लाँगआर्म' म्हणतात. त्यात सगळी रीतच उलटी. आपल्या यंत्रात सुई जागेवर असते आणि कापड फिरते. तेथे गोधडी आठ-बारा फूट लांबीच्या चौकटीवर रुळांना ताणून स्थिर ठेवतात, आणि यंत्रच गाड्यावर इकडून तिकडे फिरते. अंतर्गत जागा दीड-दोन फूट, किंवा त्याहूनही अधिक. शिवणारी बाई उभी राहून ते चालविते. अमेरिकेतील पुष्कळ गृहिणी वरचा भाग घरी जोडून अशा यंत्रवालीकडे शिवावयास देतात, असे आमच्या विद्यार्थ्याच्या पत्नीने कळविले. परंतु त्याची किंमत लाखांत जाते आणि एक पूर्ण खोली अडते. ज्यांनी हा व्यवसायच मांडावयाचा आहे, त्यांनीच तिकडे वळावे.

सुईदोऱ्याविषयी दोन शब्द. सुईचे अंक पाहून घ्यावेत. १६ अंकाची, म्हणजेच १०० ची, सुई एक मिलिमीटर जाडीची असते, १८ म्हणजे ११०. कापूस भरलेल्या जाड रजईस १८, वाकळीस १६, आणि कापड फारच विरलेले असेल तर १४ बरी. टाका तीन मिलिमीटरांहून लहान ठेवू नये. बारीक टाक्यांनी जुने कापड कागदासारखे सुटते. दोन शिवींत तीन बोटांचे अंतर असू द्यावे. हाताचा धावदोरा मऊ असतो, म्हणून तो दाट घातला तरी चालतो. यंत्राचा टाका वरच्या व खालच्या अशा दोन दोऱ्यांच्या पिळाचा, तो दाट झाला की वाकळ फळीसारखी ताठते आणि अंगाला लपेटत नाही. ती पांघरावयाची आहे, भिंतीवर टांगावयाची नाही, हे विसरू नये.

हे सारे समजून घेत असता आम्हांस एक जुनी गोष्ट वारंवार आठवे. १९२४ साली गांधीजींना कोणी विचारले की, आपला विरोध सर्वच यंत्रांना आहे काय? त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला, आणि सिंगरने आपल्या पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते घडविले, असे कारण दिले. इतिहासाच्या दृष्टीने पाहता सिंगरची सनद १८५१ सालची. त्यापूर्वी १८४६ मध्ये एलायस हाऊ ह्याने दुहेरी दोऱ्याच्या टाक्याची सनद घेतली होती. आणि त्याहीपूर्वी फ्रान्सात तिमोनिए नामक शिंप्याने १८३० साली आपले यंत्र नोंदविले, तेव्हा पोट जाईल ह्या भयाने इतर शिंप्यांनी त्याची यंत्रे फोडून टाकली. तरीसुद्धा गांधीजींनी लावलेली कसोटी आम्हांस खरी वाटते. यंत्र कोणाचे कष्ट हलके करण्यासाठी आणावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. आम्ही यंत्र आणले ते कोणाचे कष्ट पाहून? खरे सांगावयाचे तर वहिनींची बोटे आम्ही नीट पाहिलीच नव्हती. त्या दोन वर्षांपासून पोळी लाटताना लाटणे तळहाताने ढकलीत असत, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम दिसले.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा चंद्रपुरास गेलो. ह्या वेळी गाडीत वहिनी होत्या, धाकटी होती, आणि पिशवीत सहा थरांची हातभर लांबीची वाकळीची घडी होती. आमच्याकडे काम होते ते फक्त पिशवी धरण्याचे. तीन ठिकाणी धाकटी यंत्रावर बसली. वहिनी शेजारी उभ्या राहून शीव उलटून पाहत आणि अंगठ्याने चाचपत. चौथ्या ठिकाणी, एका शिंप्याने विकावयास काढलेल्या जुन्या भारी यंत्रावर, त्यांनी शीव पाहिली आणि म्हणाल्या, "हे कापडाला धरतं, ओढत नाही." झाला निर्णय. नवी सर्वो मोटर बसवून घेतली. पांढरे यंत्र थोरल्या सुनेने मुलांच्या कपड्यांसाठी ठेवून घेतले. म्हणजे ते पैसेही अगदीच वाया गेले नाहीत. डावीकडे फळी कमी पडत होती, तेव्हा आमचे लिहिण्याचे मेज तेथे लावले. हा मजकूर आम्ही मांडीवर पाट घेऊन लिहीत आहो.

चार वाकळींना चोवीस थर हवे होते. उरलेल्या नऊ लुगड्यांतून अठराच निघाले. पाचवारी पातळातून एकच पुरा थर निघतो. म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी चार पातळे दिली, वहिनींनी दोन दिली, आणि ती आतल्या अंगास घातली. कच्चे टाके थोरल्या नातीने घातले, शिवी धाकटीने. वहिनी रोज अर्धा तास, डॉक्टरांच्या परवानगीने, केवळ कोपरे हाताने शिवीत. प्रत्येक वाकळीचा शेवटचा कोपरा मिटविण्यापूर्वी त्या आत तांदळाचे चार दाणे टाकीत. वाकळ उपाशी ठेवू नये, अशी ह्या घरची रीत आहे. अडीच महिन्यांचे काम एकेका वाकळीस सहासात दुपारींत उरकले. मकरसंक्रांतीपर्यंत चारही तयार झाल्या. त्या पाहून शेजारच्या दोन घरांतून धाकटीकडे लुगडी आली आहेत, आणि मजुरी काय घ्यावी हे तिने आम्हांस न विचारता वहिनींना विचारून ठरविले आहे. आम्ही त्यावर एक शब्दही बोललो नाही.

तेव्हा, भगिनींनो, आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे. आधी आपण वर्षात किती आणि केवढी पांघरुणे शिवणार, ते मोजा. घरात जुने पायाचे यंत्र असेल तर प्रथम त्याची साफसफाई करून पाहा. नवे घ्यावयाचेच तर सुईपासून खांबापर्यंतची जागा पट्टीने मोजा, मेज मोजा, आणि बिघडल्यास दुरुस्त करणारा कारागीर आपल्या गावाजवळ आहे काय, ते विचारा. दुकानदाराच्या रुमालावर विश्वासू नका. आपल्या गोधडीची घडी बरोबर न्या. आणि घरातील कर्त्या पुरुषांस आमची एवढीच विनंती: जी त्या यंत्रावर बसणार आहे तिला बरोबर न्या, आणि जिने आजवर हाताने शिवले तिलाही न्या. पैसे आपण द्यावेत, निवड त्यांनी करावी.

त्या पहिल्या बिघडलेल्या वाकळीचे काय झाले, असे कोणी विचारील. वहिनींनी ती आणखी उसवू दिली नाही. टरकलेल्या जागी ठिगळे लावून, सुरकुत्या तशाच ठेवून, धाकटीने ती नव्या यंत्रावर कशीबशी बंद केली. पणतवंडांस ती द्यावयाजोगी नव्हती. ती आता आमच्या बिछान्यावर असते. पाठीला तिच्या गाठी लागतात, पण ऊब मात्र चांगली आहे.